उलाढालीचे लक्षाधीश

पूर्वी मराठी माणसाला अचानक श्रीमंत व्हायचं असेल तर नशिबाची साथ लागे. गावाकडची जमीन एमआयडीसीत जावी लागे, नाहीतर निपुत्रिक काका असावा लागे. हल्ली गोधडी शिवली तरी पुरतं. गोधडी शिवायची, उजेडात धरून तिचे चार फोटो काढायचे, एखाद्या ऑनलाइन बाजारात टाकायची आणि वर्षभर नेटाने विकत राहायचं. मार्च संपला की प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर त्या विकणारीच्या नावापुढे असा काही आकडा उमटतो की सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना तो दाखवावा. अडचण एवढीच की तो आकडा सरकारला दिसतो, प्लॅटफॉर्मला दिसतो, सीएला दिसतो, फक्त तिच्या पासबुकाला दिसत नाही. मालवणी मसाला विकणारा, सावंतवाडीची लाकडी खेळणी विकणारा, पैठणीच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे करणारी, सगळे या एकाच पंथाचे: उलाढालीने लक्षाधीश आणि महिनाअखेरीला उसनवार. माझं म्हणणं असं की या मंडळींपैकी कित्येकांना प्राप्तिकराचा त्रास नाहीच, कारण त्यांना तो लागतच नाही. त्यांना त्रास आहे तो कर लागत नाही हे सिद्ध करण्याचा. आणि त्याचं मूळ एकच आहे. माहिती कळवण्याचे नियम विक्री मोजतात आणि माणूस जगतो नफ्यावर.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण आपल्याकडे नियमाला नावं ठेवणारे पुष्कळ आणि तो वाचणारे मोजके. २०२० च्या अर्थसंकल्पाने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९४-ओ हे कलम घातलं. ते लागू झालं १ ऑक्टोबर २०२० रोजी. म्हणजे टाळेबंदीत पगार बंद झालेली माणसं घरी मास्क शिवायला आणि लोणची घालायला लागली होती, नेमका तोच हंगाम. नवा विक्रेता आणि नवं कलम बाजारात बरोबरच उतरले. त्याने घातलेला नियम असा की ज्या प्लॅटफॉर्मवरून माल किंवा सेवा विकली जाते, त्याने विक्रेत्याच्या विक्रीच्या एकूण रकमेवर टीडीएस कापावा, सरकारजमा करावा आणि कोणाच्या पॅनवर किती विकलं गेलं ते कळवावं. दर १ टक्का होता. करोनाच्या सवलतीमुळे मार्च २०२१ पर्यंत तो पाऊण टक्का राहिला, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्क्यावर आला. विक्रेता साधी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर काही कापायचं नाही. यातलं काहीच दिलं नाही तर मात्र ५ टक्के. हेतूही सरकारने लपवलेला नव्हता: ई-कॉमर्समधल्या लोकांना कराच्या कक्षेत आणायचं. आता कक्षेत यायला कोणाचीच हरकत नसावी. कक्षेत आल्यावर कोणत्या मापाने मोजतात, यावर सगळं अवलंबून आहे.

इथे माप आहे ‘एकूण रक्कम’. समजा गोधडी १,००० रुपयांना विकली. त्यातून प्लॅटफॉर्मचं कमिशन, पैसे गोळा करण्याची फी आणि त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी मिळून २०० गेले. कुरियरचे १२०, पुठ्ठ्याचा खोका आणि चिकटपट्टीचे ३०, गोधडी पहिल्या पानावर दिसावी म्हणून जाहिरातीचे ६०. कापडाचे ३०० आणि शिवणाऱ्या बाईंच्या मजुरीचे २००. उरले ९०. खात्याला कळवली जाते ती रक्कम १,०००, कारण गिऱ्हाइकाने दिले तेवढे. हे म्हणजे एसटीच्या कंडक्टरची चामडी पिशवी संध्याकाळी मोजून त्याचा पगार ठरवण्यासारखं झालं. पिशवी त्याच्याच गळ्यात होती, नोटा त्यानेच घेतल्या, चिल्लरही त्यानेच मोजली, हे सगळं खरं. पण त्या पिशवीच्या जोरावर त्याला कोणी मुलीसाठी फ्लॅट बघायला सांगत नाही. दर १ टक्का होता तेव्हा या ९० रुपयांतले १० आगाऊ कापले जात. म्हणजे विक्रीवर १ टक्का हा दिसायला मच्छर होता आणि नफ्यावर मोजला की अकरा टक्क्यांचा डंख होता. सरकारलाही हे उशिरा का होईना पटलं, म्हणून दर दहापटीने खाली आला. दर उतरला, पण माप तेच राहिलं. कापतात १ रुपया, कळवतात १,०००.

त्यात परत येणारा माल. ऑनलाइन गिऱ्हाईक हा मोठा रसिक प्राणी आहे. तो गोधडी मागवतो, दोन रात्री तिच्यावर झोपतो आणि मग फोटोतला निळा आणि घरातला निळा यांत फरक आहे हे त्याच्या लक्षात येतं. गोधडी परत येते, येताना जाण्यायेण्याचं भाडं विक्रेत्याच्या डोक्यावर ठेवते. पण टीडीएस कापायचा असतो रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा दाखवली जाईल किंवा प्रत्यक्ष दिली जाईल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. म्हणजे झालेली विक्री उलटली तरी कापलेला कर आधीच पुढे गेलेला असू शकतो. प्रत्यक्ष कर मंडळाने डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकात यावर तोडगा सांगितला: अशा वेळी आधी कापलेला कर त्याच विक्रेत्याच्या त्याच वर्षातल्या पुढच्या व्यवहारात वळता करून घ्यावा. तोडगा शहाणपणाचा आहे, फक्त तो गृहीत धरतो की पुढचा व्यवहार असेल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गोधड्या परत आल्या आणि एप्रिलमध्ये उन्हाळा लागला, तर कोण गोधडी घेतं? मग ती न झालेली विक्री वर्षाच्या हिशेबात झालेली म्हणून राहते, आणि ती झाली नव्हती हे सांगायचं काम विक्रेत्याचं.

हे सांगायचं कुठे, तर एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणात. नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकर खात्याने ही सोय दिली. तुमचं व्याज, लाभांश, शेअरची खरेदी-विक्री आणि प्लॅटफॉर्मने कळवलेली विक्री हे सगळं तिथे हारीने मांडलेलं असतं. जीएसटीची नोंदणी असेल तर त्या विवरणपत्रातली उलाढालही तिथेच येऊन बसते. आता मजा अशी की गोधडी एकच, पण ती दोन खिडक्यांतून दिसते. प्लॅटफॉर्मच्या खिडकीतून तिची रक्कम एका तारखेला दिसते, जीएसटीच्या खिडकीतून दुसऱ्या. एकीकडे परत आलेला माल वजा झालेला असतो, दुसरीकडे वर्ष उलटल्यामुळे तो वजा व्हायचा राहिलेला असतो. दोन आकडे जुळत नाहीत आणि जुळत नाहीत म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवतंय, अशी शंका संगणकाला येते. संगणकाला शंका घ्यायला पगार लागत नाही, त्यामुळे तो सढळ हाताने घेतो. खातं न्याय्य आहे, ते तुम्हाला उत्तराची संधी देतं. प्रत्येक ओळीपुढे अभिप्राय नोंदवता येतो: माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे, दुबार आली आहे, मला मान्य नाही. एकच पर्याय तिथे नाही, आणि नेमका तोच विक्रेत्याला हवा असतो: माहिती पूर्ण बरोबर आहे, पण त्यावरून माझ्याबद्दल जे मत होईल ते चूक आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. अहो, ०.१ टक्का म्हणजे लाखाला १०० रुपये, त्यात एवढं रडण्यासारखं काय? आक्षेप वाजवी आहे, म्हणून आकड्यांनीच उत्तर देऊ. वर्षाला २० लाखांची विक्री करणारा विक्रेता धरू. त्याचे कापले गेले २,०००. कायद्याच्या अंदाजी पद्धतीने त्याचं उत्पन्न विक्रीच्या ६ टक्के धरलं तर ते होतं १ लाख २० हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पहिल्या ४ लाखांवर करच नाही. म्हणजे त्याचा कर शून्य. दुसरं काही उत्पन्न नसेल तर रिटर्न भरण्याची सक्तीही बहुधा नाही, कारण धंद्याच्या उलाढालीवरून होणारी सक्ती ६० लाखांच्या पुढे लागते आणि कापलेल्या टीडीएसवरून होणारी २५ हजारांपासून. मात्र त्याचे स्वतःचे २,००० परत हवे असतील तर रिटर्न भरावंच लागतं. कर नाही, सक्ती नाही, तरी कागद आहेच. रिटर्न भरायला सीए लागतो आणि सीएला फी लागते. ती फी २,००० च्या वर गेली की विक्रेत्यापुढे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: स्वतःचे पैसे परत मिळवण्यासाठी स्वतःचे किती पैसे खर्च करावेत? रक्कम किरकोळ आहे हे खरंच. किरकोळ रकमेसाठी ठोक हिशेब मागितला जातो, तक्रार त्याची आहे.

दुसरा आक्षेप नोकरदारांचा, आणि तो मनापासूनचा असतो. आमचा टीडीएस दर महिन्याला कापतात, आम्ही कधी लेख लिहिले का? नोकरदाराची ही वेदना खरी आहे. पण जरा बारकाईने बघा. मालक पगारावर कर कापतो तो वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधून, त्यातून मिळायच्या सवलती वजा करून, खरोखर जेवढा कर लागणार असेल त्याच्या प्रमाणात. लागणार नसेल तर कापतच नाही. कारखान्याची उलाढाल ५०० कोटी आहे म्हणून फिटरच्या पॅनवर कोणी ५०० कोटी चढवत नाही. बँकेत मुदत ठेव ठेवणाऱ्यालाही दार उघडं आहे: आपल्याला कर लागणार नाही असं ठरावीक फॉर्मवर (१९६१ च्या कायद्यात १५-जी, ज्येष्ठांसाठी १५-एच) लिहून दिलं की बँक व्याजावर काही कापत नाही. ऑनलाइन विक्रेत्याला हे फॉर्म उपलब्ध नाहीत. त्याला कमी दराने कर कापून हवा असेल तर थेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून दाखला आणावा लागतो. घरबसल्या व्याज खाणाऱ्याच्या शब्दावर सरकारचा विश्वास आहे, आणि रात्री अकरा वाजता खोक्याला चिकटपट्टी लावणाऱ्याच्या शब्दाला साक्षीदार लागतो. नोकरदाराने खरं तर या विक्रेत्याचा हेवा करू नये, त्याला आपल्या युनियनमध्ये घ्यावं.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. करचुकवेगिरी होते. कोटीकोटींची विक्री करून रिटर्नच न भरणारे महाभाग जगात आहेत, आणि प्लॅटफॉर्मने कळवलं नाही तर ते सरकारला सापडणार कसे? पूर्ण मान्य. माहिती कळवली गेलीच पाहिजे. तिचा विक्रेत्यालाही फायदा होतो. ज्याची विक्री कागदावर आहे आणि जो नेमाने रिटर्न भरतो, त्याला बँकेच्या दारात कर्जासाठी उभं राहताना हात जोडावे लागत नाहीत, कागद पुढे करता येतात. पण माहिती कळवणं आणि अर्धी माहिती कळवणं यांत अंतर आहे, आणि अर्धी माहिती लोकांना उजेडात आणण्याऐवजी अंधारात पाठवते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हे दिसलं. तिथल्या राज्याच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून लहान दुकानदारांना आणि हातगाडीवाल्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. प्रश्न प्राप्तिकराचा नव्हता, पण माप तेच, आलेल्या पैशाचं. भाजी आणि दूध अशा जीएसटीच नसलेल्या मालावरचे पैसेही त्यात आले. परिणाम असा झाला की बंगळुरूमध्ये, म्हणजे देशाच्या संगणकनगरीत, दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि ‘नो यूपीआय, ओन्ली कॅश’ अशा पाट्या लागल्या. अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना व्यापाऱ्यांशी बोलून जुन्या वसुलीबाबत दिलासा द्यावा लागला. पैशाचा नुसता ओघ म्हणजेच कमाई असं धरलं की लोक ओघ लपवतात. ज्याला पकडायचं होतं तो मोठा मासा तेव्हाही निवांत होता, कारण त्याच्याकडे सीए होता.

आणि प्लॅटफॉर्मवरचा विक्रेता तर आपणहून उजेडात आलेला माणूस. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या काकू, इन्स्टाग्रामवर ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहून साड्या विकणाऱ्या ताई, यांच्या व्यवहारात मध्ये कोणी पैसे घेऊन पुढे देणारा प्लॅटफॉर्म नसतो, म्हणून टीडीएसच्या या नियमानुसार कोणी काही कापत किंवा कळवत नाही. कायद्याने त्यांचं उत्पन्नही उत्पन्नच आहे. पण प्लॅटफॉर्मवरच्या एकीने आणि ग्रुपवरच्या दुसरीने सारख्याच चकल्या विकल्या तर पहिलीच्या नावापुढे सरकारदरबारी आकडा येतो आणि दुसरीच्या नावापुढे फक्त ‘चकल्या छान होत्या’ हा अभिप्राय. जीएसटीने या कोड्यात भूगोलाची भर घातली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅटफॉर्मवर माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला नोंदणीच्या सक्तीतून सूट मिळाली, पण ती आपल्याच राज्यात विकलं तरच. सावंतवाडीचं लाकडी फळ थेट गोंदियाला गेलं, सबंध महाराष्ट्र आडवा ओलांडून, तर चालतं. तेच फळ शेजारच्या म्हापशाला गेलं की तो आंतरराज्य व्यापार, आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी. कोल्हापूरच्या मसाल्याला गडचिरोली जवळची आणि निपाणी परदेशी. सीमाप्रश्न न्यायालयात आहे असं आपण समजतो, तो प्रत्यक्षात कुरियरच्या पावतीवर आहे.

चौथा आक्षेप जाणकारांचा: अंदाजी करपद्धत आहे ना, मग हिशेब ठेवायचेच कशाला? १९६१ च्या कायद्यातल्या ४४-एडी कलमाने घालून दिलेल्या पद्धतीने लहान धंद्याने विक्रीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आले असतील तर ६ टक्के नफा दाखवावा आणि सुखी व्हावं. मर्यादा २ कोटींची, रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींची. हे कलम खरोखर चांगलं आहे, आणि करकायद्यातल्या कलमाबद्दल असं वाक्य लिहायला मिळणं हा दुर्मीळ योग आहे. पण त्याची सुरुवात कुठून होते? विक्रीच्या आकड्यापासून. सहा टक्के, पण कशाचे? प्लॅटफॉर्मने कळवलेल्या रकमेचे, परत आलेला माल वजा करून उरलेल्या रकमेचे, की जीएसटीतल्या उलाढालीचे? म्हणजे पळून जाण्याची वाटही त्याच चौकातून जाते. शिवाय ज्याचा खरा नफा ६ टक्क्यांहून कमी आहे, त्याने खरं बोलायचं ठरवलं तर त्याला ही पद्धत सोडावी लागते, आणि एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडली की पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. मग वह्या ठेवा, आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षणही करून घ्या. कमी कमावणाऱ्याने खोटा जास्त नफा दाखवला तर तो सुटतो आणि खरा कमी नफा दाखवला तर अडकतो. प्रामाणिकपणाला प्रोत्साहन देण्याची ही पद्धत अभिनव म्हणावी लागेल.

मग काय, मर्यादा वाढवा, असं एक सुचवणं असतं. पाच लाखांचे दहा करा, प्रश्न मिटला. या वाटेने अमेरिका जाऊन आली आहे, आणि तो प्रवास मनोरंजक आहे. तिथे प्लॅटफॉर्म आणि पैसे पोचवणाऱ्या कंपन्या विक्रेत्याला मिळालेली रक्कम १०९९-के नावाच्या फॉर्मवर कळवतात. जुनी मर्यादा अशी: वर्षाला २० हजार डॉलरच्या वर रक्कम आणि २०० च्या वर व्यवहार. मार्च २०२१ मध्ये कायदा करून ती एकदम ६०० डॉलरवर आणली. ६०० डॉलर म्हणजे जुना सोफा आणि पोराची सायकल. घरातली वापरलेली वस्तू तोट्यात विकली तर तिच्यावर कर नसतो, पण फॉर्मवर तोटा दिसत नाही, विक्री दिसते. गिल्ला झाला. २०२२ सालापुरती अंमलबजावणी पुढे ढकलली. २०२३ सालापुरती पुन्हा ढकलली. २०२४ साठी ५ हजार डॉलर ठरवले, २०२५ साठी अडीच हजार आणि त्यापुढे ६०० असं वेळापत्रक आखलं, आणि जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने सगळं रद्द करून पुन्हा २० हजार आणि २०० वर येऊन बसले. ६०० डॉलरची मर्यादा कायद्याच्या पुस्तकात चार वर्षं राहिली आणि अंमलात एक दिवसही आली नाही. सरकारी कामाची कीर्ती फक्त आपलीच आहे असं मानणाऱ्यांनी यातून धीर घ्यावा. पण बोध निराळा आहे. चार वर्षं वाद झाला तो मर्यादेच्या आकड्यावर. फॉर्मवरची रक्कम तेव्हाही ढोबळ होती, आजही ढोबळ आहे. मर्यादा वाढवली की चुकीच्या मापाने मोजली जाणारी माणसं कमी होतात, माप बरोबर होत नाही.

बरोबर माप शक्य आहे का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर युरोपने देऊन ठेवलं आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२३ पासून आणि ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून प्लॅटफॉर्मांनी विक्रेत्यांची माहिती कर खात्याला कळवण्याचे नियम लागू आहेत. तिथे कळवायची रक्कम म्हणजे प्लॅटफॉर्मची फी, कमिशन आणि कापलेले कर वजा जाता विक्रेत्याच्या हाती आलेली रक्कम, आणि ही वजावट तिमाहीनिहाय वेगळी दाखवायची. विक्रेत्यालाही तीच माहिती द्यायची. वर्षात ३० पेक्षा कमी विक्री आणि २ हजार युरोपर्यंत रक्कम असेल तर माल विकणाऱ्याची माहिती कळवायचीच नाही. ब्रिटनमध्ये हे सुरू झालं तेव्हा ‘जोडधंद्यावर नवा कर’ अशी हूल उठलीच, आणि नवा कर नाही असं खात्याला समजावून सांगावं लागलं, म्हणजे हूल उठवण्यात तेही मागे नाहीत. पण कागदावर जे जातं ते पुष्कळ खरं जातं. कापडाचे आणि शिवणकामाचे पैसे त्यातही दिसत नाहीत, ते विक्रेत्यालाच सांगावे लागतात. तरी प्लॅटफॉर्मला जे माहीत आहे ते सगळं प्लॅटफॉर्म सांगतो, अर्धं सांगून उरलेलं सिद्ध करायला विक्रेत्याला पाठवत नाही.

इथे प्लॅटफॉर्मांच्या बाजूने शेवटचा आक्षेप येईल की एवढा तपशील कळवणं हे त्यांच्यावर ओझं आहे. हा आक्षेप ऐकताना गंभीर चेहरा ठेवणं अवघड जातं. आपल्याकडचा कोणताही मोठा प्लॅटफॉर्म विक्रेत्याला हिशेबाची जी सेटलमेंट शीट पाठवतो तिच्यात एका गोधडीच्या दहाबारा ओळी असतात: कमिशन, ठरावीक फी, पैसे गोळा करण्याची फी, वजनानुसार भाडं, परतीचं भाडं, त्यावरचा जीएसटी, आणि खोका नोंदवलेल्या वजनापेक्षा जड निघाला म्हणून दंड. खोका किती ग्रॅम जड होता हे ज्याला कळतं, त्याला एकूण किती कापलं याची बेरीज करता येत नाही, हे मानायला श्रद्धा लागते. तोच प्लॅटफॉर्म विक्रेत्याला पैसे देताना निव्वळ रकमेचा हिशेब करतो आणि त्याच विक्रेत्याबद्दल सरकारला सांगताना ढोबळ रकमेचा. दोन्ही कागद त्याच्याच संगणकातून निघतात. कायद्याने त्याला एकच मागितला, म्हणून तो एकच देतो. त्याचा तरी काय दोष? न मागितलेलं देणारा धंदेवाईक अजून जन्मायचा आहे.

१ एप्रिल २०२६ पासूनचा नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ सुटसुटीतपणाचं वचन देऊन आला आहे. ८१९ कलमांची ५३६ झाली, मागचं वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडगोळी जाऊन एकच करवर्ष आलं, टीडीएसची बहुतेक विखुरलेली कलमं एका कलमाखालच्या तक्त्यांत गोळा झाली. विक्रेत्याने ‘१९४-ओ’ हा आकडा नुकता कुठे पाठ केला होता, तो आता इतिहासात जमा. सोपेपणाचं स्वागतच आहे. पण कलम सोपं झालं म्हणून माप बदलत नाही, आणि माप बदलायला तर कायदाही बदलावा लागू नये. प्लॅटफॉर्म जे विवरण भरतो त्यात विक्रीच्या रकमेशेजारी आणखी एक रकाना हवा: फी, कमिशन, भाडं आणि परत आलेला माल मिळून वजा झालेली रक्कम. तीच एआयएसमध्ये विक्रेत्याच्या नावापुढे दिसावी. चुकवणारा तेवढाच सापडेल, कारण विक्रीचा आकडा कुठेही जात नाही. फक्त न चुकवणाऱ्याला आपण चुकवत नाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही. आपल्या प्राप्तिकर खात्याला नमुने बदलण्याचा कंटाळा आहे असा आरोप त्याच्या शत्रूनेही केलेला नाही. रिटर्नचे फॉर्म दरवर्षी नव्याने निघतात, त्यात रकाने वाढतात आणि दरवर्षी सीए मंडळी नव्या उत्साहाने कपाळाला हात लावतात. त्या उत्साहातला एक रकाना बारीक विक्रेत्याच्या वाट्याला आला, तर त्याच्याकडून कर नाहीतरी येणार नव्हता, निदान त्याची रात्र गोधड्या शिवण्यात जाईल.